पोर अडलंय कुठं?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातल्या गावांत ट्रॅक्टर आणि ट्रक येऊन उभे राहायला लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता ठरलेला असतो. भांडी, गोधड्या, धान्याची पोती, शेळ्या असं सगळं बिऱ्हाड भरून माणसं ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे निघतात. परततात ती पाडव्याच्या आगेमागे, कधी त्याहूनही उशिरा. शाळेचं वर्ष मात्र जूनला सुरू होऊन एप्रिलला संपतं. ज्या घरात कोयता आहे, त्या घरातल्या लेकराचं निम्मं वर्ष फडावर जाण्याचा धोका दरवर्षी असतो.

त्याच गावात दुसरं एक घर असतं. तिथला मुलगा दहावीला चांगले गुण घेऊन पास झालाय आणि बाप लातूरला खोली बघायला गेलाय. ‘नीट’साठी क्लास लावायचा, दोन वर्षांची फी भरायची, त्यासाठी वेळ आली तर एकर-अर्धा एकर रान गहाण टाकायचं, अशी तयारी चालू आहे.

दोन्ही घरांतून शाळेच्या सरांना येणारा प्रश्न सारखाच असतो: “सर, लेकराला शिकवणी लावू का? कुठली लावू?” माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, लेकरू नेमकं कुठं अडलंय, हा विचारायचा राहून जातो. अडण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात आणि एका जागेवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे घरातला पैसा कष्टाचा आणि बऱ्याचदा उसना असतो, तिथे चुकीच्या उपायावर तो घालवणं फार महागात पडतं.

सगळ्यात जास्त नजरेआड होणाऱ्या जागेपासून सुरुवात करतो. समजा, नववीतला एक मुलगा गणितात नापास होतोय. घरचे म्हणतात, गणित कच्चं आहे, क्लास लावा. क्लास लावण्याआधी त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवा आणि ४१ मधून १३ वजा करायला सांगा. त्याने उत्तर ३२ लिहिलं तर “चुकलं” म्हणून कागद बाजूला सारू नका. हे ३२ कुठून आलं ते पाहा. एकमच्या घरात वर १ आहे, खाली ३. एकातून तीन जात नाहीत, म्हणून त्याने उलट केलं, तिनातून एक काढला आणि २ लिहिले. दशकच्या घरात चारातून एक काढला, ३ लिहिले. म्हणजे त्याला वजाबाकी माहीत आहे, दशकातून उसना घ्यायचा असतो हे माहीत नाही. ही गोष्ट दुसरी-तिसरीत शिकवली जाते. त्या वर्षी तो फडावर असेल, आजारी असेल, किंवा वर्गात बसूनही त्याच्या ती पदरात पडली नसेल. पुढे भागाकार आला, अपूर्णांक आले, बीजगणित आलं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच एका गाळलेल्या पायरीवर तो घसरत आला. आता त्याला नववीच्या बैजिक राशींचा क्लास लावून सहा महिने बसवलं तर तो फळ्यावरचं वहीत सुबक उतरवून आणील. गणित आहे तिथंच राहील.

वाचनाचंही असंच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ नावाची देशव्यापी पाहणी चालवली आहे, आणि तिच्यात वापरला जाणारा कागद कुणालाही वापरता येईल इतका सोपा आहे. त्यावर काही अक्षरं, काही सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, एवढंच असतं. लेकराला शेजारी बसवून वाचायला लावायचं. ते गोष्ट वाचतंय, उताऱ्यावर अडखळतंय, की शब्दांच्या पुढे जातच नाही, हे पाच-दहा मिनिटांत कळतं. ही तपासणी शिकलेली मावशी किंवा चुलतीही करू शकते. आणि सातवीतलं मूल उताऱ्यावर अडखळत असेल, तर त्याचं विज्ञान आणि इतिहासही त्याच कारणाने अडलेलं आहे, हे लक्षात येतं. त्याला विज्ञानाचा क्लास नको आहे. त्याला रोज कुणीतरी शेजारी बसवून वाचून घ्यायला हवं आहे.

पाया असा मागे राहिलेल्या मुलांना काय उपयोगी पडतं, याचा एक भक्कम पुरावा आपल्या राज्यात आणि शेजारच्या गुजरातेत तयार झाला. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमाची शास्त्रीय पद्धतीने पारख झाली. तिसरी-चौथीच्या वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं शाळेच्या वेळातच दोन तास बाजूला घ्यायची आणि त्यांना वाचन-अंकगणिताचा पाया शिकवायचा, असा तो कार्यक्रम. शिकवणाऱ्या बालसख्या त्याच वस्तीतल्या माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणी होत्या, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे. ही पारख करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २०१९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या सन्मानामागच्या कामात हा अभ्यासही मोडतो. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की शिकवणारीची पदवी मोठी नव्हती. मूल ज्या पायरीवर उभं होतं त्या पायरीवर जाऊन तिने हात दिला, आणि मुलं थोडी होती, म्हणून प्रत्येकाकडे तिचं लक्ष गेलं.

म्हणून पाया कच्चा असलेल्या लेकरासाठी तालुक्याच्या गावातला नावाजलेला क्लास शोधू नका. गल्लीत बारावी झालेली मुलगी असेल, तिला रोजचा एक तास मागा. चार लेकरं मिळून तिला मानधन द्या. शाळेतही मागणी करा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखणं आणि लागेल तसं जादा शिकवणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच कायद्याचं कलम २८ सांगतं की शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. वर्गात “पोराकडे जरा लक्ष द्या” असं सांगितलं तर सर मान हलवतात, कारण त्या वाक्यात करण्यासारखं काहीच नसतं. “याला वजाबाकीत उसना घ्यायला येत नाही, पंधरा दिवस तेवढंच करून घ्याल का?” असं विचारलंत तर बहुतेक शिक्षक मनापासून करतात. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत असे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता कोयत्याच्या घराकडे वळतो. तिथे लेकराच्या डोक्यात काही कमी नसतं, ते वर्गातच नसतं. त्यामुळे तिथे पहिली मदत म्हणजे त्याला शाळेजवळ ठेवणं. यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. वसतिगृह म्हटलं की इमारत, खाटा, रखवालदार असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत आई-बाप गेल्यावर लेकरू आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहतं, आणि त्याच्या जेवणाची सोय हंगामापुरती शाळेत होते. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. म्हातारी सत्तरीची असेल तर तिला दोन वेळा चुलीपुढे बसायचं ओझं उरत नाही, आणि केवळ त्या एका कारणाने ती नातवाला ठेवून घ्यायला तयार होते. ही योजना बसल्या जागी मिळेल असं नाही. गाडी गावात येण्याआधी स्थलांतरित कुटुंबांची यादी व्हावी लागते. ज्याचं नाव यादीत नाही त्याचं ताट नाही. म्हणून गणपती-नवरात्राच्या दिवसांत मुख्याध्यापकांना भेटून नाव लिहून देणं, हे हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम समजा.

ठेवायला घरात कुणीच नसेल तर लेकरू बरोबर जाणार. एकेकाळी त्यांच्यासाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी या कामात बराच जीव ओतला होता. शिक्षण हक्क कायदा आल्यावर भर बदलला, आणि लेकराला जवळच्या नियमित शाळेत बसवायचं असं धोरण झालं. त्यासाठी गावातल्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं असतं. मूल कुठल्या वर्गात आहे आणि त्याचं किती शिकून झालं आहे, हे त्यावर असतं. ते दाखवल्यावर कारखान्याजवळच्या शाळेने त्याला वर्गात घ्यायचं आहे. दाखला हाती नाही म्हणून त्याला अडवून ठेवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. कागदावर हे छान दिसतं. पण फड आज एका गावात तर पंधरवड्याने दुसऱ्या गावात. कोप्या शाळेपासून लांब. आई-बाप पहाटे अंधारात ऊस तोडायला निघालेले. कर्नाटकात गेलेल्यांच्या लेकरांपुढे तर फळ्यावर कन्नड असते. त्यामुळे मी स्पष्टच सांगेन: ठेवायची जरा जरी सोय होत असेल तर लेकरू गावी ठेवा. कार्डाचा उपयोग नाइलाज झाल्यावर करा, पण तेव्हा नक्की करा.

परत आल्यानंतरच्या दिवसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं मूल वरच्या वर्गात ढकललं जातं आणि जूनमध्ये नवी पुस्तकं हाती पडतात. मधला मे महिना मोकळा असतो. गेलेल्या सहा महिन्यांतलं सगळं त्या महिन्यात भरून निघणार नाही, पण वाचन आणि चार मूळ क्रिया एवढं जरी पक्कं केलं तरी जूनचा वर्ग त्याला परका वाटत नाही. गावातल्या शिकलेल्या पोरांनी मे महिन्यात रोज सकाळी दोन तास देवळात किंवा समाजमंदिरात ही मुलं बसवावीत. जिल्ह्यात याहून स्वस्त आणि याहून गरजेची शिकवणी दुसरी नाही.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की फडावर धाकट्या भावंडांना सांभाळणं, पाणी भरणं, भाकरी थापणं तिच्यावर येतं. मागे ठेवावी तर आई-बापाच्या जिवाला घोर. त्या घोराचा शेवट फार वेळा लवकर लग्न लावून देण्यात होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे चाळिसांहून अधिक जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. अशा मुलीला लागणारी मदत म्हणजे सुरक्षित मुक्काम. शिरूर कासार तालुक्यात आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘शांतिवन’ उभं केलं, तेच मुळी ऊसतोड कामगारांच्या आणि निराधार मुलांच्या राहण्या-शिकण्यासाठी. सरकारनेही २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ऊसतोड कामगार जास्त असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी शंभर-शंभर जागांची ८२ वसतिगृहं, असा तो आराखडा आहे, आणि टप्प्याटप्प्याने तो पुढे जातो आहे. मुलगी सातवीत असतानाच आपल्या तालुक्यात हे वसतिगृह सुरू आहे का, जागा किती, अर्ज केव्हा, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारून ठेवा.

कधीकधी तर मुलीचं शिक्षण केवळ पाच-सहा किलोमीटरवर अडलेलं असतं. गावात सातवीपर्यंत शाळा, हायस्कूल पुढच्या गावात, मधला रस्ता निर्मनुष्य. तिच्यासाठी एस.टी. हीच शिकवणी. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या निळ्या बस दिल्या गेल्या, सायकली दिल्या गेल्या, आणि दहावी-बारावीच्या मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासिकाही ठेवल्या गेल्या. बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर पालकांनी आगाराकडे लेखी मागणी करावी. वेळ बदलल्याने वर्गातली हजेरी वाढते, हे अनेक गावांनी अनुभवलं आहे.

आता लातूरला खोली बघायला गेलेल्या बापाशी बोलू. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जे नाव झालं ते आज आपण क्लासशी जोडतो. त्याची मुळं मात्र राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या महाविद्यालयांत होती: प्राध्यापकांचे जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून चूक समजावून सांगणं. क्लासमध्ये हे शेवटचं होतंय का, ते बघा. शंभर-दीडशे मुलांच्या हॉलमध्ये चाचणी रोज होते, पण माझ्या लेकराचा प्रश्न का चुकला हे त्याच्याशी कोण बोलतं? पैसे भरण्याआधी हा एकच प्रश्न क्लासच्या माणसाला विचारा, आणि मग तिथे एक वर्ष काढलेल्या, नंबर न लागलेल्या मुलालाही विचारा. भिंतीवरच्या फोटोंतली मुलं कुठेही गेली असती तरी चमकली असती.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलाला प्रवेश द्यायचा नाही, गुणांची किंवा नंबराची हमी द्यायची नाही, मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी परत करायची, असं त्यात आहे. सगळी फी एकदम मागणाऱ्याला हे दाखवा. आठवीपासूनच ‘फाउंडेशन’ म्हणून मुलं गोळा करणारे क्लास वाढत आहेत. त्या वयात मुलाची झोप, खेळ आणि शाळा हिरावून मिळतं काय, तर पुढच्या वर्गांच्या धड्यांची अर्धवट ओळख.

फी झेपत नसेल तर आधी सरकारी संस्थांची दारं ठोठावा. महाज्योती ही संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ‘जेईई’, ‘नीट’, ‘सीईटी’साठी टॅब आणि इंटरनेट डेटा देऊन मोफत ऑनलाइन शिकवते. बीड जिल्ह्यातल्या वंजारी, धनगर, माळी अशा अनेक कुटुंबांना हे लागू पडतं. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी आणि अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी बार्टी वेगवेगळ्या योजना चालवतात. मात्र टॅब हाती आला म्हणजे अभ्यास झाला असं नाही. एकट्याने, वेळापत्रक पाळून, टॅब बंद करून पुन्हा सोडवायची सवय असलेल्या मुलालाच ऑनलाइन शिकणं मानवतं. ज्याला शेजारी कुणी बसल्याशिवाय वही उघडवत नाही त्याच्यासाठी गावातली अभ्यासिका आणि दोन सोबती जास्त कामाचे.

हुशार पण गरीब मुलासाठी आठवी हे मोक्याचं वर्ष आहे. एन.एम.एम.एस. ही परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, दोन्ही बहुपर्यायी प्रश्नांचे. याची तयारी करून घेणारे उत्साही शिक्षक बऱ्याच शाळांत आहेत. पाचवीतल्या मुलासाठी गेवराई तालुक्यातल्या गढीचं जवाहर नवोदय विद्यालय आहे.

एक जागा अशी आहे जिथे शिकवणी लावणं हा मुलावर अन्यायच ठरतो. मूल बोलायला चुणचुणीत, व्यवहारात तरबेज, आणि लिहायला बसलं की अक्षरं उलटीपालटी, ‘ब’चा ‘व’, जोडाक्षर फुटलेलं, वाचताना ओळ सुटलेली. त्याला आळशी म्हणून मारलं जातं, ढ म्हणून मागच्या बाकावर पाठवलं जातं. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, आधी त्यांना दाखवा. ते पुढे वैद्यकीय तपासणीकडे पाठवतात. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. त्याच मुलाला तोच धडा दहा वेळा लिहायला लावणारी शिकवणी त्याचं शिकण्याचं मनच मारून टाकते. डोळे आणि कानही याच वेळी तपासून घ्या. चष्म्याने सुटणारा प्रश्न वर्षानुवर्षं ‘लक्ष नाही’ या शेऱ्याखाली दडून राहिलेला असतो.

आणि जी शाळेतून कधीच बाहेर पडली, लग्न होऊन गेली किंवा भावाबरोबर कोयता धरायला लागली, तिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. किमान पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण असली की बाहेरून दहावीला बसता येतं. दहावी झालेली असेल तर त्याच वाटेने बारावी, आणि पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी. फॉर्म परीक्षेच्या बऱ्याच आधी, पावसाळा सरता सरता भरून घेतले जातात. नेमक्या त्याच दिवसांत मुकादम उचल वाटत फिरत असतो. म्हणून आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. मिळत नसेल तर जुन्या शाळेत दुसऱ्या प्रतीसाठी आत्ताच अर्ज करा, कारण त्या एका कागदापायी अनेकींचं वर्ष वाया गेलेलं आहे.